सारजाबाई गोड बोलली तेव्हा

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लसूण सोलत बसले होते. 'आपण आजन्म चालवलेलं रुग्णसेवेचं व्रत, त्यातले हृदयस्पर्शी प्रसंग, वाचक भगिनींना प्रेरणा मिळेल असं काही' त्यांना हवं होतं. आधीच सांगून टाकते, व्रतबित काही नव्हतं. लहान वयात विधवा झाले. दिरांच्या घरी जन्मभर पोळ्या लाटायच्या की दवाखान्यात बेडपॅन उचलायचे, एवढाच प्रश्न होता. बेडपॅनला निदान पगार होता, आणि तुला सांभाळतो आहोत असं उठता-बसता कुणी ऐकवत नव्हतं. पुण्यात नर्सिंग आणि सुइणीचं काम शिकले, आणि वऱ्हाडात बायकांच्या दवाखान्यात जागा आहे म्हणून कळलं तेव्हा ट्रंक घेऊन निघाले. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होतं. बदल्या, औषधं, चादरी, सगळ्याचे हुकूम नागपूरहून यायचे आणि चादरी सोडून सगळं वेळेवर पोचायचं. आधी मी अमरावतीला होते, मग अकोल्याला.

पुण्यात मला ताप बघायला, नाडी मोजायला, मूल हातावर घ्यायला शिकवलं. वाकडं बोलणं ऐकायला मात्र कुणी शिकवलं नाही. ते मी वऱ्हाडात शिकले, तेही टोले खाऊन.

नर्सचं निम्मं काम विचारण्याचं असतं. कसं वाटतंय, कुठे दुखतंय, झोप लागली का. उत्तर येईल ते डॉक्टरांना सांगायचं. आता हे सोपं वाटतं. अमरावतीच्या वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एक बाई होती, तिच्या छातीला मोठं गळू झालं होतं. सकाळी तिला विचारलं, "कसं आहे?"

"मस्त हाय जी," ती म्हणाली. "रातभर अशी झोप लागली का काय सांगू! आता घरी कशाले जाव? इथंच राहीन म्हन्ते, जल्मभर."

मी म्हटलं, वा! आणि पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी डॉक्टरांनी नुसतं बोट लावलं तर तिने अशी किंकाळी फोडली की बाहेरचा चौकीदार आत आला. डॉक्टरांनी मला विचारलं, ठणका इतका वाढला तर सांगितलं का नाही? मी काही बोलायच्या आतच ती कडाडली, "सकाऊनच सांगतलं ना या बाईले! आता काय बेंडबाजा लावून सांगू?"

मी काही भोळी नव्हते. पुण्यात वाढले होते, उपरोध मला नवा नव्हता. पण आमच्याकडे तो हळू आवाजात, शुद्ध भाषेत, अहो-जाहो करून व्हायचा आणि ज्याला बोललं त्याला तो घरी गेल्यावर लागायचा. दुखण्याखुपण्यात आम्ही सरळ बोलायचो. वऱ्हाडात उलटं. तिथे मोठ्या दुखण्याबद्दल सरळ बोलणं म्हणजे रडगाणं, आणि रडगाणं गाणाऱ्या बाईला शेजारीणही विचारत नाही. म्हणून मरणाच्या कळा येत असल्या तरी बाई म्हणणार, "मजा येऊन राहिली." हे कळल्यावर मी शब्द सोडून सुराकडे कान द्यायला लागले. एखादीनं 'मजा येते' म्हटलं की डॉक्टरांना सांगायचे, हिला फार दुखतंय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

लेकरांच्या बाबतीत तर याहून कठीण. एका बाळंतिणीचं मूल मोठं गोंडस होतं, गाल असे भरलेले. मी आपली कौतुकानं म्हणाले, "अगं बाई, किती गुटगुटीत!" तिची सासू खाटेजवळ बसली होती, ती ताडकन उठली. "झालं! लावली नजर! नजर लावाले पुण्याहून बलावलं का व तुले?" आणि नेमकं दुसऱ्या दिवशी पोरानं दूध सोडलं. मग काय, सगळा वॉर्ड माझ्याकडे बघतोय. शेवटी त्या सासूनं मला हाताला धरून पाळण्यापाशी उभं केलं आणि बाळावर खोटं खोटं थुंकायला लावलं. ट्रेनिंग घेतलेली नर्स, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, आणि थू थू करतेय! तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. त्यांना काय सांगितलं ते आता आठवत नाही, खरं तर आठवतं, पण लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मी निरोगी मूल दिसलं की म्हणायचे, "काय हे किडूक!" आज्या खूश व्हायच्या. "हो ना व माय, अंगावर मांसच नाही पाह्य," असं म्हणून त्या मांड्यांना तीन-तीन वळ्या पडलेलं पोर मला दाखवायच्या. यातच हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. जे मूल खरंच अशक्त असायचं, टिकेल की नाही अशी शंका असायची, त्याला कुणी किडूक म्हणत नसे. त्याला म्हणत, "चांगलं हाय, देवाची कृपा." नजर लागायची भीती उरली नाही की मगच माणसं सरळ आणि गोड बोलत. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. दोन-चार पाळणे रिकामे झालेले पाहिल्यावर समजलं.

अकोल्याला आल्यावर आमच्या डॉक्टरीणबाई होत्या त्या दक्षिणेकडच्या ख्रिस्ती. हुशार, हाताला अतिशय हलक्या, आणि मराठी पुस्तकावरून शिकलेल्या. पोटुशी सून घेऊन एखादी सासू यायची आणि म्हणायची, "आमची सून लय कामाची हाय बाप्पा! ऊन डोक्यावर आलं का उठते, अन् साऱ्या घरावर उपकार करते." डॉक्टरीणबाई आनंदानं मला म्हणायच्या, "सिस्टर, या लोकांचं सुनांवर किती प्रेम आहे!" मी त्यांना इंग्रजीत सांगायचे, सासू हिला आळशी म्हणतेय, या मुलीला घरी विश्रांती अजिबात मिळत नाही, दोन दिवस ठेवून घेऊ या. त्या कपाळाला आठ्या घालायच्या, पण ठेवून घ्यायच्या.

आता सारजाबाईकडे येते.

तेव्हा खेड्यातल्या बऱ्या घरची माणसं दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, पाठवून बाळंतपणाला नर्सला घरी नेत असत. बाळापूरच्या अलीकडच्या एका गावाहून असं बोलावणं आलं. कुणब्याचं घर, काळीची जमीन, दारात चार बैल. नामदेव नावाचा तरुण घरधनी, त्याची बायको मथुरा आणि त्याची आई सारजाबाई. मथुराचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला नामदेवनं हट्ट करून मला बोलावलं होतं. सारजाबाईला ते मुळीच पसंत नव्हतं. मी दमणीतून उतरले तर ओट्यावरून स्वागत झालं, "या, या! पुण्याहून लेकरं काढाले आल्या. आमच्या वऱ्हाडातली लेकरं त आतापावतर झाडालेच लागत होती!"

मी म्हटलं, "असं ऐकलं म्हणूनच पाहायला आले." सारजाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत पाणी तापवायला सांगितलं. आमचं जमलं.

पण मथुराशी ती जे बोले ते ऐकून माझेही कान दुखत. "आमच्या महाराणीले उशी पायजे." "राजवाडा सोडून आली ना बिचारी, गोठ्याचा वास सहन नाही होत तिले." मथुरा बारीक अंगाची, खालमानेची. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि 'हो आत्याबाई' याच्यापुढे तिचं बोलणं मी ऐकलं नाही. मुलगी झाली. सारजाबाई म्हणाली, "व माय, काय हे भुताचं पिलू!" आणि स्वतःचं सगळ्यात मऊ लुगडं फाडून तिनं ते पिलू त्यात गुंडाळलं. मी समजले, आजी खूश आहे. वार पडली, ती मी उजेडात धरून तपासली, पुरी दिसली. बाळंतिणीची नाडी चांगली होती. पुन्हा येऊन बघून जाईन असं सांगून मी अकोल्याला परतले.

ठरल्याप्रमाणे पुन्हा गेले तेव्हा दुपार होती. सारजाबाई ओट्यावर एकटीच बसली होती. मला बघून उठली.

"ये माय," ती म्हणाली. "उन्हाची आली. बस. गूळपाणी घे."

"मथुरा कशी आहे?"

"चांगली हाय व. आत्ताच डोळा लागला. झोपू दे तिले. लय गुणाची पोर हाय माही. माह्या घरात आली तशी एका शब्दानं उलटून नाही बोलली."

मला अकोल्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं, डॉक्टरीणबाईंचं एक ऑपरेशन माझ्यासाठी थांबलं होतं. बाळंतीण झोपली आहे, सासू खुशीत आहे, गूळपाणी घ्यावं आणि निघावं. मी भांडं तोंडाला लावलं सुद्धा. आणि तसंच खाली ठेवलं. गुणाची पोर? सारजाबाईच्या तोंडी?

"मला तिला बघायचंय," मी म्हटलं.

सारजाबाई दारात आडवी आली आणि तिनं हात जोडले. "नको माय. राहू दे." त्या बाईनं हात जोडलेले बघून माझी उरलीसुरली शंका गेली. तिला बाजूला करून मी आत शिरले.

खोलीतल्या वासानंच मला कळलं. अंग तव्यासारखं तापलेलं, नाडी बारीक आणि पळती, खाली टाकलेल्या चिंध्या भिजलेल्या. आदल्या दिवसापासून रक्त जात होतं. वारेच्या पडद्याचा एखादा तुकडा आत राहून जातो, बाहेरून कितीही तपासलं तरी कळत नाही, आणि मग असं होतं. मथुराचे डोळे उघडे होते. हातात नवा हिरवा चुडा भरलेला होता आणि उशाशी नवं हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. सवाष्ण बाईला कुठे पाठवायची तयारी असते ही, ते सांगायला नको.

मी बाहेर येऊन म्हटलं, "हिला आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्यायचंय."

"नको," सारजाबाई म्हणाली. "माह्या जावेले नेलं होतं दवाखान्यात. चादरीत बांधून आणली. इथं लेकरू जवळ हाय, माणूस जवळ हाय. सुखानं जाऊ दे माह्या पोरीले."

यात दुष्टावा नव्हता. असता तर मी भांडले असते. ती खरंखुरं, सरळ बोलत होती आणि त्यामुळेच तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. शास्त्र सांगून पाहिलं. आत तुकडा राहिलाय, तो काढता येतो, कितीतरी बायका वाचल्या आहेत. सारजाबाई मान हलवत राहिली. नामदेव गोठ्याच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. आईपुढे तो बोलणार नव्हता, आणि वेळ चालली होती.

मग मला राग आला. इतकी वर्षं नुसतं ऐकत होते, त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, आणि त्यांच्याच भाषेत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बरोबर हाय नामदेवभाऊ! कशाले नेता? उन्हाचे बैलं दमतीन ना! बैल मेला त दुसरा कोठून आणान? बायकोचं काय, फाल्गुनात दुसरी आणजा. अन् पोरगी मोठी झाली का तिले सांगजा, तुह्या मायशी आमी लय गोड बोललो व, हिरवा चुडा भरला, नवं लुगडं आणलं. फक्त गाडी जुंपली नाही!"

नामदेवनं मान वर केली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. दाव्याला हात घातला आणि बैल सोडले.

आम्ही दमणीत कडब्यावर दोन गाद्या घातल्या, पायांकडची बाजू उंच केली. सारजाबाई हाक न मारता चढून बसली आणि मथुराचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. बाळ माझ्याकडे. रस्ताभर ती सुनेच्या केसांतून हात फिरवत होती, "माही बाय, माही सोन्याची," म्हणत होती, आणि ती असं म्हणाली की मथुरा माझं बोट घट्ट धरायची. मला वाटलं, कळ येतेय.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या गेल्या टेबलावर घेतलं. तुकडा निघाला. रक्त थांबलं. मिठाचं पाणी शिरेतून दिलं. त्या काळी यापुढे फारसं काही हातात नसायचं, ताप उतरतो की चढतो ते बघत बसायचं. हिचा उतरला. हळूहळू, पण उतरला. असं दर वेळी होत नसे. ज्यांच्या घरच्यांचं गोड बोलणं मला वेळेवर ऐकू आलं नाही अशाही आहेत, आणि त्यांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात.

ताप गेला, तरी मथुरा जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही, मुलीला पाजायला घेतलं तरी तिच्याकडे बघत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिस्टर, आता हिला काहीही झालेलं नाही, मग ही अशी का? सारजाबाई रोज उशाशी बसून म्हणायची, "खाय व माय. दोन घास खाय, माह्यासाठी."

एक दिवस सारजाबाई धुणं धुवायला गेली तेव्हा मी मथुराला विचारलं, "काय होतंय तुला?"

"खरं सांगजा बाई," ती म्हणाली. "मी मरून राहिली ना?"

"कोण म्हणालं?"

"आत्याबाई गोड बोलून राहिल्या. लगन झालं तसं कदी नाही बोलल्या. घरी बोलल्या तवाच मले समजलं का आता मी जातो. अजूनबी बोलूनच राहिल्या. तुमी मले नाही सांगत, पण त्यायले सांगतलं असन."

मी तिला म्हटलं, ताप गेला, तू बरी झालीस. ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाचं मन राखायला हसतात तसं. नर्स प्रत्येक खाटेपाशी हेच म्हणते, हे तिनं चार दिवस ऐकलंच होतं. माझ्या बोलण्याला काही किंमत उरली नव्हती.

मी सारजाबाईला व्हरांड्यात गाठलं. "तुमचं गोड बोलणं बंद करा," म्हटलं. "तिला वाटतंय ती मरतेय. नेहमीसारखं बोला."

सारजाबाई खाली बसली. "कशी बोलू? देवीले कबूल केलं ना मी. ही वाचली त आयुष्यात वाकडं बोलणार नाही. माह्या जिभेचंच पाप तिले लागलं बाई. रातंदिस बोलली मी तिले." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

नवसावर माझा कधीच विश्वास नव्हता. पण तिचा होता, आणि तिला तोडायला सांगणं म्हणजे सुनेला आपल्या हातानं मारायला सांगण्यासारखं. मी थोडा विचार केला. मग विचारलं, "नवस कधी फेडतात सारजाबाई? काम झाल्यावर ना?"

"हो."

"मग ती वाचली का अजून? उठून बसली? जेवली?"

सारजाबाईनं पदरानं नाक पुसलं. "नाही."

"मग आधीच का फेडून राहिल्या?"

सारजाबाई उठली आणि धुतलेले कपडे वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडक्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी बांधून आली. खाटेपाशी उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मी दोन खाटा पलीकडे थर्मामीटर लावत होते, पण कान तिकडेच होता.

"वावरात कापूस फुटून राहिला," सारजाबाई शेवटी म्हणाली. आवाज चिरकत होता. "वेचाले बाई भेटून नाही राहिली. अन् आमची महाराणी पाहा! लोखंडाचा पलंग, वरून पांढरी चादर. माहेरी कदी पलंग पाह्यला होता का व? उठाचं काहून मन होईन!"

मथुरानं भिंतीकडचं तोंड वळवलं आणि सासूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, उशीत जिरत राहिलं. मग ती कोपरावर जोर देऊन थोडी उठली आणि जन्मात पहिल्यांदा उलटून बोलली.

"तुमाले पायजे का पलंग, आत्याबाई? या ना. बाजूले जागा हाय."

सारजाबाईनं कमरेवर हात ठेवले. माझ्याकडे वळली. रडत होती आणि तिचा चेहरा सगळा फुलला होता. "पाह्यलं बाई? हे शिकोलं तुमच्या दवाखान्यानं! धाडली मुकी, अन् तोंड फुटलं हिले!" आणि ती धपकन खाटेवर सुनेशेजारी बसली, फडकं सोडलं आणि भाकरी मोडली.

नातेवाइकांनी रुग्णाच्या खाटेवर बसायचं नाही असा वॉर्डाचा कडक नियम होता. तो पाळून घेणं माझं काम. मला रडू आलं होतं, म्हणून मी थर्मामीटर उगाचच जोरजोरात झटकत पार टोकाच्या खाटेकडे निघून गेले. पाठीमागे भांडण सुरू झालं होतं, भाजीत मीठ कमी का यावरून.